गाडी कितला देस? अर्थात ॲव्हरेजवाढीची शास्त्रोक्त पद्धत

पाचोऱ्यात नवी मोटरसायकल घेतली की किंमत कोणी विचारत नाही, रंगाकडे कोणी बघत नाही. हेडलाइटला घातलेला हार सुकायच्या आत शेजारचे काका चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "भो, कितला ॲव्हरेज देस?" गाडी तोवर शोरूमपासून मारुतीच्या देवळापर्यंतच आलेली असते. तरी उत्तर द्यावंच लागतं. ते उत्तर वाढवावं कसं, यासाठी सदर मार्गदर्शन.

आधी व्याख्या. एका लिटरात गाडी प्रत्यक्ष जितके किलोमीटर जाते, ते झालं मायलेज. मालक चार माणसांत जो आकडा सांगतो, तो ॲव्हरेज. स्थळ बघायला आलेल्यांना सांगितलेली एकरं आणि सातबाऱ्यावरची एकरं यांच्यात जेवढा फरक असतो, साधारण तेवढाच या दोन्हींत असतो.

हा आजार जुना नाही. राजदूतवाल्याला ॲव्हरेज विचारायची पद्धत नव्हती, त्याला "झाली का चालू?" एवढंच विचारत. सगळं बिघडलं 1985 साली. हिरो होंडाची सीडी-100 आली. 97 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन, आणि जाहिरात अशी की पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. खान्देशाने भरलं, झाकण लावलं, पण विसरलं मात्र कोणी नाही. चाळीस वर्षं झाली, लोक अजून टाकीला कान लावून गाडी हलवून बघताहेत.

आता कृती. पेट्रोल जातं ते उजव्या मनगटातून. मनगटाला वळण लावायला पाचोऱ्याकडे एक चांगला गुरू होता, पीजे. पाचोरा–जामनेर नॅरोगेज, दोन रुळांत अडीच फूट अंतर, वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत 56 किलोमीटरला सुमारे दोन तास. तिने कधी कोणाला ओव्हरटेक केलं नाही, एकदम ब्रेक मारला नाही, सिग्नल सुटताच रेस दिली नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ती थांबली ती थांबलीच. आता त्या मार्गाचं ब्रॉडगेज व्हायचं आहे. तर गाडीवर बसल्यावर शेजारून पीजे चालली आहे अशी कल्पना करावी आणि तिच्यापेक्षा थोडंसंच पुढे राहावं. टॉप गिअर, ताशी 40 ते 45. 30 च्या खाली टॉप गिअर टाकून इंजिनाला कण्हायला लावणं ही बचत नव्हे, छळ आहे.

हवा फुकट मिळते, पण तिला बाजूला सारायला पेट्रोल लागतं. हा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. 45 चे 65 केले की तो दुपटीवर जातो. पाचोऱ्याहून जळगाव पन्नासेक किलोमीटर. 45 ने गेलात तर 67 मिनिटं, 65 ने गेलात तर 46. वाचलेल्या 21 मिनिटांचं माणूस जळगावात काय करतो, याचं मी बारकाईने निरीक्षण केलं आहे. तो गाडी स्टँडला लावतो, आरशात केस बसवतो, आणि ज्याला भेटायचं तो अजून यायचा आहे म्हणून चहा घेतो. शर्टाची बटणं उघडी टाकून जाणाऱ्यांबद्दल वेगळं काही सांगत नाही. त्यांच्या पाठीवर फुगा होतो आणि तो फुगा पेट्रोलने भरलेला असतो.

लोकमान्य उपायांकडे वळू. टाकीत डांबरगोळ्या टाकाव्यात, असं एक मत आहे. त्याने पेट्रोलला कसर लागत नाही, यापलीकडे फायदा मला दिसलेला नाही. पेट्रोलच्या नळीला चुंबक बांधतात. ते पेट्रोलला ओढत नाही, गिऱ्हाइकाला ओढतं. शंभरचं न टाकता एकशे दहाचं टाकावं म्हणजे पंपावर फसवणूक होत नाही, ही श्रद्धा एवढी पसरली आहे की आता फसवायचं असेल त्याने एकशे दहाचीच तयारी ठेवावी. पेट्रोल पहाटे टाकावं, थंड असतं, दाट असतं, हे मात्र ऐकायला शास्त्रशुद्ध. हिशेब करू. पेट्रोल एका अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. म्हणजे दहा अंशांचा फरक पडला तरी शंभर रुपयांमागे एक रुपया. आणि पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे मे महिन्याच्या दुपारीही आपल्यासारखं 45 अंश होत नाही. या एका रुपयासाठी माणूस पहाटे पाचला उठतो, गाडी काढतो, पंप उघडायची वाट बघत गाडी चालूच ठेवतो. उभ्या गाडीचा ॲव्हरेज शून्य असतो, हे मेकॅनिकलचा डिप्लोमा न करताही कळतं.

उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देणारेही आहेत. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला येताना असा एक जण मी पाहिला, मांडीवर हात ठेवून शांतपणे वाऱ्यासारखा चाललेला. इंजिनाची पकड सुटली की सगळा भार ब्रेकवर येतो आणि घाटभर दाबून ब्रेक तापतात. या पद्धतीत ॲव्हरेज फार चांगला येतो. मोजायला माणूस उरला पाहिजे.

खरा इलाज गल्लीच्या तोंडावरच्या मिस्त्रीकडे. म्हणजे होता. आमचा मिस्त्री स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून डोळे मिटायचा. मग कार्बोरेटरचा बारका स्क्रू शेवटपर्यंत आवळायचा, दीड आटे मागे घ्यायचा, थांबायचा, परत केसभर. इंजिनाचा आवाज एका जागी येऊन गोल व्हायचा. मग प्लग काढून तळहातावर घ्यायचा. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर हवा जास्त, आणि बिस्किटासारखा भाजला असेल तर मिस्त्री काही न बोलता पुन्हा बसवायचा. त्या न बोलण्याचे तो वीस रुपये घ्यायचा. गिऱ्हाइकं मात्र हट्टाने म्हणायची, अजून थोडं पेट्रोल कमी कर. तो करायचा. महिन्याभराने तीच गाडी उन्हात तापून बंद पडायची आणि ढकलत परत यायची. ढकलताना ॲव्हरेज सर्वात जास्त असतो, असं तो म्हणायचा.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या, कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. किती पेट्रोल सोडायचं ते आता आत बसलेला छोटा कॉम्प्युटर ठरवतो. मिस्त्रीला फिरवायला स्क्रूच राहिला नाही. पहिली बीएस-6 गाडी आली तेव्हा त्याने सीट काढली, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, आणि फडक्याने टाकी पुसून दिली.

त्यात ई-20 आलं. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा, म्हणून वीस टक्के मिसळलं की हिशेबाने सहा-सात टक्के दम कमी. इथेनॉल उसाचं होतं तसं मक्याचंही होतं. आमच्याकडचा मकावाला मका विकतो, तोच मका पंपावर विकत घेतो, आणि गाडी कमी का देते म्हणून मिस्त्रीशी भांडतो. एवढा सरळ व्यवहार दुसऱ्या कोणत्या पिकात नाही.

मिस्त्रीच्या हाती आता उरलंय ते किरकोळ वाटणारं काम, आणि सगळा ॲव्हरेज तिथेच आहे. चेन पाऊण-एक इंच हलली पाहिजे, तेल पाहिलेली असली पाहिजे. मागचं चाक हाताने फिरवलं तर फिरलं पाहिजे. बऱ्याच गाड्यांचा मागचा ब्रेक मालकाच्या बुटाखाली कायम अर्धा दाबलेलाच असतो. क्लचवर बोटं ठेवून चालवायची सवय असेल तर ती बोटं मोकळी करावीत. टायरमधली हवा चेनकव्हरजवळच्या पट्टीवर लिहिलेली असते तेवढी, दर आठ-पंधरा दिवसांनी. पुष्कळांची शेवटची हवा मागच्या पंक्चरला भरलेली असते. एअर फिल्टर कागदी असेल तर तो धुवायचा नसतो, बदलायचा असतो. एका गृहस्थांनी निरम्यात भिजवून, पिळून, गच्चीवर दोरीला वाळत घातला होता. चिमटे लावून.

रोजच्या वापराच्या सोयीबद्दल थोडक्यात. आपली गाडी ही मुळात ट्रक आहे, हे मान्य करून टाकावं. दूधवाल्यांनी एम-80 च्या काळापासून ते मान्य केलंय. पुढे टाकीवर युरियाची गोणी, ती आता 50 ची नाही, 45 किलोची, म्हणजे सरकारनेही ॲव्हरेजचा विचार केलेला दिसतो. पुढे 2021 मध्ये अर्ध्या लिटरच्या बाटलीतला नॅनो युरिया निघाला. बाटली शर्टाच्या खिशात मावते, पण गोणी नसली तर शेतावरून परत येताना चारा कशावर टेकवायचा, हा प्रश्न उरतो. भरिताच्या वांग्यांची पिशवी डाव्या हँडलला लावावी, उजवं मनगट मोकळं राहतं. डबलसीट जावं, गाडी थोडं कमी देते, पण माणशी हिशेब जवळजवळ दुप्पट होतो. या तर्काने तिसरा माणूस बसवू नये. ट्रिपल सीटचा दंड 1,000 रुपये, म्हणजे आजच्या भावाने साडेनऊ लिटर, म्हणजे पीजेच्या मार्गाने जामनेरच्या चार-पाच चकरा.

अगदीच पेट्रोल नको असेल तर बजाजची सीएनजी मोटरसायकल आहे. जुलै 2024 मध्ये पुण्यात तिचं अनावरण झालं, सीटखाली दोन किलोचा सिलिंडर, वर दोन लिटरची छोटी टाकी. आमच्याकडे एकाने घेतली. काकांनी चष्मा वर केला, विचारलं, आणि उत्तर किलोत आल्यावर चष्मा खाली घेऊन निघून गेले.

राहिलं मोजमाप. टाकी गळ्यापर्यंत भरावी, मीटरचा आकडा तळहातावर पेनाने लिहावा, शंभराच्या वर चालवावी, त्याच पंपावर गाडी तशीच सरळ उभी करून पुन्हा गळ्यापर्यंत भरावी. मी हे एकदा केलं. पहाटे निघालो, 40 ते 45, बटणं लावून, हवा भरून. 112 किलोमीटर झाले. पेट्रोल बसलं 1.96 लिटर. कागदावर भागाकार केला, मग मोबाइलवर केला. 57.

इतकी वर्षं मी 70 सांगत होतो.

संध्याकाळी स्टेशनजवळच्या टपरीवर विषय निघालाच. एकाची 75 देते. दुसऱ्याची 78, तीही गावात. तिसऱ्याने, ज्याच्या गाडीचा धूर टपरीवाल्याला रोज खोकायला लावतो, 80 सांगितले आणि वर "लाँगला पंच्याऐंशी" जोडले. मग सगळे माझ्याकडे वळले. तळहातावरचा मीटरचा आकडा अजून पुसला नव्हता. मी म्हटलं, सत्तावन्न.

कोणी हसलं नाही. पंच्याऐंशीवाल्याने ग्लास खाली ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इकी टाक, भो," तो हळू आवाजात म्हणाला, आणि माझ्या चहाचे पैसेही त्यानेच दिले.