गोमेदाचं गाणं

नवरत्नांची नावं सांगा म्हटलं, की आपल्याकडे कुणीही हिरा, मोती, माणिक, पाचू इथवर धडाधड म्हणून टाकतं. पोवळं, नीलम, पुष्कराज जरा आठवून येतात. मग डोकं खाजवलं जातं, आणि बऱ्याच वेळानं गोमेद आणि लसण्या उगवतात. दादरकरांना कल्याणपर्यंतची स्टेशनं तोंडपाठ असतात आणि पुढं विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आली, की त्यांचा क्रम चुकतो, तशातलीच ही गत. मी बदलापूरला राहते, त्यामुळे गोमेद आणि लसण्या या शेवटच्या दोघांबद्दल मला आतून काहीतरी वाटतं.

गाण्यांत तर त्यांना कुणी विचारतच नाही. आपल्याकडे गाण्याला वेगळं नाव ठेवायची पद्धत नाही, पहिली ओळ तेच नाव. म्हणजे रत्नाला नावात मिरवायचं असेल तर त्यानं मुखड्यातच जागा पटकावायला हवी. हिरे आणि मोती ती कधीच पटकावून बसले आहेत. मीराबाईला तर रामनामाचं रत्न पहिल्याच ओळीत सापडतं. कडव्यांत शिरलं तर सगळीकडे झगमगाटच. गणपतीच्या आरतीत मुक्ताफळांची माळ काय, हिरेजडित मुकुट काय. दोन खोल्यांच्या घरात, मखराच्या थर्मोकोलला चिकटलेली टिकली सावरत आपण ती संपत्ती दिवसातून दोनदा टाळ्यांच्या गजरात मोजतो. सोनार लागत नाही आणि घडणावळ तर नाहीच नाही.

१९६७ हे साल या दृष्टीनं फारच भरभराटीचं. त्या वर्षी ‘उपकार’ आला आणि मनोजकुमारच्या शेतातून, महेंद्र कपूरच्या आवाजात, हिरे-मोती उगवले. गीतकार गुलशन बावरा. हा माणूस मुंबईत आला तो रेल्वेतला कारकून म्हणून, हे कळल्यापासून मला त्या गाण्याचा लळा अधिकच लागला. त्याच वर्षी देव आनंदचा ‘ज्वेल थीफ’ आला. तिकडे विलायतेत बीटल्सनी हिरे थेट आभाळात टांगले आणि रोलिंग स्टोन्सनी एका मंगळवाराला माणकाचं नाव दिलं. हे सगळं झालं तेव्हा आपल्याकडे लागोपाठच्या दुष्काळांनी रेशनच्या रांगा लांबवल्या होत्या आणि पिशवीत अमेरिकेचा लाल गहू पडत होता. मोती पिकवणाऱ्या धरतीचं गाणं ऐकत आयात गव्हाची कणीक मळायची, यात विसंगती आहे खरी, पण त्या पोळ्या ज्यांनी लाटल्या त्यांच्या तोंडून मी कधी तक्रार ऐकली नाही. गाणं चांगलं होतं, एवढंच त्या सांगत.

भा. रा. तांब्यांचं ‘तुझ्या गळा, माझ्या गळा’ हे मला या सगळ्या रत्नशाळेतलं सर्वांत शहाणं गाणं वाटतं. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी. खऱ्या जवाहिराची वानवा त्यांच्या आसपास नसावी, पण गाणं लिहिलं ते चिमुकल्या बहीणभावावर. दोघं एकमेकांसाठी मोत्यांच्या माळा गुंफतात, एकेक दागिना वाटून घेतात आणि मध्येच एकमेकांना वेड्यात काढतात. खरा दागिना मात्र एकही नाही, असतील तर फुलं किंवा वारा. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये मी आणि दादा हे गाणं म्हणायचो तेव्हा वाटणी नेहमी भांडणावर यायची. तो कंठी द्यायला तयार असायचा, अंगठी सोडायचा नाही.

खरे मोती आमच्या घरात फक्त आईच्या कुड्यांत होते. एका संध्याकाळी त्यातला एक निखळला. गाण्यांमधल्या बायकांचे दागिने हरवतात तेव्हा केवढी मजा असते! ‘सांगत्ये ऐका’मध्ये गदिमांनी साताऱ्याच्या वाटेवर बुगडी सांडली आणि आशाबाईंच्या आवाजात ती अवघ्या महाराष्ट्राला सापडली. ‘मेरा साया’मध्ये साधनाचा झुमका बरेलीच्या बाजारात पडला, तर बाजारच नाचायला लागला. आमच्याकडे दादा बॅटरी घेऊन कॉटखाली शिरला, मी केरसुणीच्या हिरांतून बोटं फिरवली, बाबांनी मोरीची जाळी उचलली. आई मधोमध उभी राहून एकेकाला ‘जपून रे, पाय कुठं ठेवतोस?’ म्हणत होती. मोती काही मिळाला नाही. नाचलं तर कुणीच नाही.

मग आई मला घेऊन उल्हासनगरला गेली. उल्हासनगर ही काय चीज आहे, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांना लष्कराच्या रिकाम्या छावणीत जागा मिळाली, ८ ऑगस्ट १९४९ला राजगोपालाचारींच्या हस्ते गावाला नाव मिळालं, आणि बराकींच्या आसऱ्यानं या मंडळींनी असा व्यापार उभा केला, की पुढं ‘मेड इन यूएसए’चा इथला अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा सांगितला जाऊ लागला. विनोद आहे, पण तो मी पहिल्यांदा ऐकला एका सिंधी माणसाच्याच तोंडून आणि तो सांगताना त्याची छाती फुगली होती. तर त्या बाजारातल्या एका चिंचोळ्या दुकानात, पुठ्ठ्यांवर टाचलेल्या हिरव्या-लाल हारांखाली बसलेल्या म्हाताऱ्या दुकानदारानं आईची कुडी तळहातावर घेतली. उरलेले सहा मोती नखानं हळूच फिरवून पाहिले, मग काचेच्या बरणीतून मूठभर मणी कागदावर ओतले आणि त्यातला एक चिमट्यात धरून कुडीशेजारी लावला.

“खोटा वाटणार नाही ना?” आईनं विचारलं.

“बाई, हा पण मोतीच आहे,” तो म्हणाला. “फक्त समुद्रात गेला नाही.”

आईनं त्या कुड्या पुढं जन्मभर घातल्या. सातांतला उल्हासनगरचा कुठला, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. शेवटी शेवटी तिलाही ओळखू येत नसावं.

त्या माणसाच्या दुकानात रेडिओ होता की नाही, हे आता आठवत नाही. पण सिंध्यांच्या चेटीचंडच्या मिरवणुकीत सिंधमधल्या सेहवानच्या लाल शाहबाझ कलंदराला हाक मारणारं ते सुप्रसिद्ध गाणं लाऊडस्पीकरवर लागलं, की मला तोच आठवतो. लाल म्हणजे तांबडा आणि फारसीत लाल म्हणजे माणिकही. घरंदारं मागं टाकून आलेल्यांनी हे एक माणिक गळ्यातून आणलं, आणि वाटेतल्या कुठल्याही झडतीत ते सापडलं नाही.

गळ्याचंच म्हणाल, तर आपल्याकडे रत्नांनी गाण्यात येण्यापेक्षा गाणं स्वतःच हाती घेतलं. हिराबाई बडोदेकर झाल्या, माणिक वर्मा झाल्या. जसराजांचे वडील मोतीराम आणि पाचू म्हणाल तर बासरीवाले पन्नालाल घोष. एवढा दरबार भरला, पण गोमेदबाई किंवा पंडित लसण्याबुवा काही झाले नाहीत. एकाला राहूनं धरलेलं, दुसऱ्याला केतूनं. बारशाला या दोघांचं नाव कोण घेणार?

अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या सुरसुंदऱ्यांनी हा प्रश्न सोडवला आहे, असं मला वाटतं. शिलाहारांच्या काळातलं, १०६० सालच्या शिलालेखाचं हे देऊळ. भिंतीवरच्या त्या बायकांच्या गळ्यात माळा, कमरेला माळा, सगळ्या काळ्या पाषाणाच्या. साडेनऊशेहून जास्त पावसाळ्यांत मणी बोथट झाले आहेत, पण त्यांतला हिरा कुठला आणि गोमेद कुठला, हे सांगण्याची सोय कारागिरानं ठेवलेली नाही.

गोमेद मी जवळून पाहिला तो सकाळच्या गाडीत. बायकांच्या डब्याच्या जाळीपलीकडं भजनी मंडळ असतं. टाळ असतात, पण ठेका धरतो एक गृहस्थ, पत्र्याच्या भिंतीवर हातानं. मधल्या बोटात पंचधातूची अंगठी आणि तिच्यात काळपट मधाच्या रंगाचा खडा. ज्योतिषानं सांगितल्याशिवाय असा खडा कुणी हौसेनं घालत नाही. तुकोबांचा तो ऐरणीवरच्या हिऱ्याचा अभंग आला, की गृहस्थांना चेव येतो. समेवर ती अंगठी पत्र्यावर टणकन आदळते. घण सोसल्याचं सगळं श्रेय अभंगात हिऱ्याला जातं, मार मात्र गोमेद खातो. आणि इतक्या दिवसांत त्याला चरा गेलेला मला तरी दिसला नाही.

म्हणून कवींना एक सुचवावंसं वाटतं. यमकांची अडचण नाही. गोमेदाला उमेद आहे, भेद आहे, अगदीच अडलं तर वेद आहेत. लसण्याच्या मदतीला हसण्या-रुसण्या धावून येतील. बदलापूरला तर हुरहूर आयतीच बसते, ती आजवर कुणाला कशी सुचली नाही, कोण जाणे. अट एवढीच, की या मंडळींना तिसऱ्या कडव्यात कुठंतरी कोपऱ्यात उभं करायचं नाही. घ्यायचं तर मुखड्यात.