ज्ञानयज्ञाच्या यजमानांस

प्रति,
मा. आयोजन सचिव,
वार्षिक वैद्यकीय कॉन्फरन्स
(आणि याच साच्यातून निघालेल्या बाकीच्या सगळ्या)



सर, कॉन्फरन्स दणक्यात पार पडली, आधी त्याबद्दल अभिनंदन. समईची एकेक वात लावायला पाच-पाच मान्यवर पुढे सरसावले, धन्वंतरीच्या फोटोला हार चढला, मुख्य प्रायोजकाच्या झोनल मॅनेजरला शाल-श्रीफळ मिळालं. पहिल्या सत्राचा पाऊण तास त्यात गेला, तरी आपण एकही सत्कार गाळला नाहीत. गाळलीत ती प्रश्नोत्तरं. ‘वेळेअभावी’ हा शब्द आपण असा गोड म्हणता की ज्याचा प्रश्न राहून गेला, तोच आधी टाळ्या वाजवतो.

मी तालुक्याच्या गावी छोटं रुग्णालय चालवणारा फिजिशियन. आपलं रंगीत माहितीपत्रक आमच्या डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतं, तेव्हा पहिला प्रश्न येतो, “पॉइंट किती?” दुसरा येतो, “हॉटेल कुठलं?” विषय काय, हे विचारणारा अजून जन्माला यायचाय. यात ग्रुपचा दोष नाही. आपण गेली कित्येक वर्षं जे विकत आलात, त्याचाच भाव लोक विचारतात.

नियम आपल्याला तोंडपाठ असेलच. महाराष्ट्रात डॉक्टरने दर पाच वर्षांनी राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीचं नूतनीकरण करायचं आणि त्यासाठी अशा कॉन्फरन्सना हजर राहून मिळवलेले 30 क्रेडिट पॉइंट दाखवायचे. म्हणजे वर्षाला सहा. आमच्यातल्या बऱ्याच जणांना हा जुलूम वाटतो. “एवढी वर्षं प्रॅक्टिस केली, आता आम्हाला कोण शिकवणार?” असं ते म्हणतात. मला तसं वाटत नाही. 2005 साली अमेरिकेतल्या ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये कितीतरी अभ्यास एकत्र करून एक आढावा छापून आला होता. कॉलेज सोडून जितकी जास्त वर्षं झाली, तितकी डॉक्टरच्या उपचारांची प्रत अनेकदा घसरलेली दिसते, असा त्याचा निष्कर्ष. पांढरे केस बघून पेशंट निर्धास्त होतो, ते त्याने हा लेख वाचलेला नसतो म्हणून. तेव्हा नियम हवाच. म्हणूनच माझा राग कौन्सिलवर कमी आणि आपल्यावर जास्त आहे. डॉक्टरने आयुष्यभर शिकत राहावं म्हणून केलेल्या नियमाचं आपण रीतसर तिकीट-खिडकीत रूपांतर करून दाखवलंत.

आपली हजेरीची व्यवस्था तर अजोड. गळ्यात बारकोडचं कार्ड, दाराशी स्कॅनर, झालंच तर कौन्सिलचे ऑब्झर्व्हर. एवढा बंदोबस्त असूनही दुपारी जेवणानंतरच्या सत्राला हॉलमध्ये वक्ता, दोन चेअरपर्सन, प्रोजेक्टरवाला मुलगा आणि एसीखाली डुलकी घेणारे मोजके ज्येष्ठ, एवढाच जमाव होता. बाकीचे आत आहेत असं मशीन मात्र शपथेवर सांगत होतं. औषध कंपनीच्या एका तरुण एमआरच्या हातात पत्त्यांच्या कॅटसारखी कार्डं होती आणि तो एकेक काढून स्कॅनरखाली धरत होता. त्या पोराचं कौतुक वाटलं. दिवसभरात एवढ्या सगळ्या डॉक्टरांच्या वतीने ज्ञान घेणारा सभागृहात तो एकटाच. नूतनीकरण त्याचंच व्हायला हवं.

आता विषयांकडे वळू. एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाचं आपल्याकडचं पेटंट मार्च 2025 मध्ये संपलं आणि बाजारात त्याचे ब्रँड धो-धो कोसळले. त्या हंगामात आमच्या भागात असं एक व्यासपीठ नव्हतं, की जिथे या औषधाची महती गायली गेली नाही. औषध चांगलं आहे, हृदयाला आणि किडनीलाही उपयोगी आहे, माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. मला कौतुक वाटतं ते आपल्या ज्ञानतृष्णेच्या मुहूर्ताचं. पेटंट आणि आपली वैज्ञानिक समिती यांच्या पत्रिका इतक्या जुळतात, की एखाद्या ज्योतिषाने थक्क व्हावं.

“प्रायोजकाने जेवण दिलं म्हणून मी काय प्रिस्क्रिप्शन बदलतो?” हे आपलं लाडकं वाक्य मी मंचावरून ऐकलंय. 1992 साली ‘चेस्ट’ या नियतकालिकात ऑर्लोव्स्की आणि वाटेस्का यांनी याच वाक्याची परीक्षा घेतली होती. एका मोठ्या अमेरिकी रुग्णालयातल्या डॉक्टरांना औषध कंपन्यांनी सगळा खर्च करून सहलीच्या ठिकाणी परिसंवादाला नेलं. जाण्याआधी विचारलं, तर बहुतेक जण म्हणाले की आमच्यावर कसला परिणाम होणार! परत आल्यावर रुग्णालयात एका औषधाचा वापर तिपटीच्या वर गेला, दुसऱ्याचा अडीचपट झाला. शास्त्रीय पुरावा असा नको तिथे सापडतो.

कायद्याने आपल्याला अडवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने डिसेंबर 2009 मध्येच भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार यांवर बंदी घातली. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरांना वाटलेल्या अशा खिरापतीचा खर्च कंपनीला करातून वजा करून मिळणार नाही. त्या प्रकरणातली यादी आपण फ्रेम करून ऑफिसात लावावी : पाहुणचार, कॉन्फरन्सची फी, सोन्याची नाणी, एलसीडी टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप. आपल्या ज्ञानयज्ञाची फी थेट सोन्याच्या नाण्यांच्या पंगतीला जाऊन बसलीय, हा बहुमान लहान नव्हे. मग ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नियम काढला की औषध कंपनीच्या पैशावरच्या शैक्षणिक कार्यक्रमाला डॉक्टरने जायचंच नाही. महिना उलटायच्या आत तो स्थगित झाला. त्या दिवशी आपण सुटकेचा जो निःश्वास टाकलात, तो आमच्या तालुक्यापर्यंत ऐकू आला. मार्च 2024 मध्ये औषधविक्रीची नवी संहिता आली. तिने परदेशातले कार्यक्रम बंद केले. आपल्याला त्याचं दुःख फार दिवस झालं नसावं, गोवा आपल्याच देशात आहे.

कंपनीला जे विकायचं नाही, त्याचं काय होतं तेही सांगतो. आमच्याकडे भाताच्या लावणीपासून साप निघायला लागतात आणि उन्हाळ्यात विंचू. लाल विंचवाच्या दंशाने माणसं मरतात कशी, हे डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्र-रात्र पेशंटच्या उशाशी बसून टिपलं. 1982 मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या जुन्या, स्वस्त गोळीने पेशंट वाचवता येतात हेही त्यांनी दाखवून दिलं. कोकणातल्या डॉक्टरने जगाला शिकवलेला धडा आपल्या कोकणातल्या कॉन्फरन्समध्ये मात्र नसतो. कसा असणार? प्राझोसिनचा स्टॉल कोण लावणार?

किंवा अ‍ॅनाफायलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी अ‍ॅलर्जी, घ्या. इंजेक्शन दिलं, पेशंटच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, बीपी कोसळलं. पहिलं औषध अ‍ॅड्रिनलीन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम. आणि तेही ताबडतोब. आजही कित्येक दवाखान्यांत आधी हात जातो एव्हिल आणि डेक्सा या इंजेक्शनांकडे, अ‍ॅड्रिनलीनची अँप्यूल शोधण्यात मोलाची मिनिटं जातात. हे दुरुस्त करायला अर्धा तास आणि एक रिकामी सिरिंज पुरते. पण एवढ्याशा अँप्यूलच्या नावाने डिनर कोण देईल?

तरी आपण कार्यशाळा ठेवली होती, हे नाकबूल करत नाही. पॅसेजच्या टोकाला, स्वच्छतागृहाच्या अलीकडे, एका टेबलावर सीपीआरचा एकच पुतळा होता. त्याच्याहून मोठी जागा सेल्फी पॉइंटला मिळाली होती आणि तिथे रांगही होती. पुतळा शहाणा होता. छाती पाच ते सहा सेंटिमीटर दबली आणि वेग मिनिटाला 100 ते 120 राहिला तर हिरवा दिवा, नाहीतर लाल. आमच्या जिल्ह्यातल्या एका नामवंत सर्जननी कोट न काढता, कोपर वाकवून, फोटोपुरते चार दाब दिले. दिवा लालच राहिला. “याची बॅटरी गेलीय,” असं म्हणून ते जेवायला गेले.

माझ्याबरोबर आमच्या रुग्णालयातल्या सिस्टर आल्या होत्या. पहाटे बाळ जन्मतं आणि रडत नाही, तेव्हा बालरोगतज्ज्ञ गाडी काढेपर्यंत श्वास द्यायची बॅग आणि मास्क त्यांच्याच हातात असतात. त्या पहिल्या मिनिटात काय होतं, यावर त्या बाळाचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं. म्हणून म्हटलं, यांची फी मी भरतो, कार्यशाळा करू द्या. आपल्या काउंटरवर उत्तर मिळालं, “सर, नर्सिंगची कॅटेगरीच नाही. ‘अकॉम्पनीइंग पर्सन’मध्ये टाकतो.” टाकलं. सिस्टरांना बॅग मिळाली, जेवणाचं कुपन मिळालं, दुपारच्या ‘खेळ पैठणीचा’ची प्रवेशिका मिळाली. पुतळ्यापाशी मात्र “डेलिगेट ओन्ली.” शेवटी डेलिगेट जेवणाच्या रांगेत गुंतले, तेव्हा पुतळा सांभाळणाऱ्या मुलाने डोळा चुकवून त्यांना पुढे केलं. सिस्टरांनी पदर खोचला, कोपर सरळ ठेवले, तीस दाब आणि दोन श्वास, पुन्हा तीस दाब. हिरवा दिवा लागला तो विझेचना. घाम पुसत त्या मला म्हणाल्या, “बॅटरी चांगली आहे की हो, डॉक्टर.”

आपण विसरला असाल म्हणून सांगतो, नर्सेसनाही शिकत राहण्याची सक्ती आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक पाच वर्षांत 150 तासांचा आहे. हे तास त्यांनी कुठे भरायचे? ड्यूटीतून रजा मिळत नाही, फी खिशातून जाते. आपल्यासारखा ज्ञानयज्ञ मांडायला कोणी पुढे येत नाही, कारण सिस्टर औषध लिहून देत नाही, नुसतं देते.

आणि आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने काय केलं ते आपल्याला ठाऊक नसेल असं मी मानत नाही. गावातल्या, जेमतेम शाळा शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बाळ कोरडं करून उबेत ठेवणं, वजन करणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं, गरज पडली तर जेन्टामायसिनचं इंजेक्शन देणं. शिकवणं एकदा व्याख्यान देऊन संपलं नाही. पुन्हा पुन्हा घरोघर जाऊन त्यांचं काम तपासलं गेलं. 39 गावांत हे झालं आणि शेजारच्या गावांच्या तुलनेत नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. योगायोग बघा, त्याच वर्षी ‘जामा’ने डेव्ह डेव्हिस आणि सहकाऱ्यांचा आढावा छापला. नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरचं वागणं फारसं बदलत नाही, चर्चेतून आणि हाताने करून शिकलं तर बदलतं, असं त्यात होतं. पाव शतक होऊन गेलं. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत तरीही पंधरा-पंधरा मिनिटांची भाषणं आगगाडीच्या डब्यांसारखी जोडलेली.

आपण म्हणाल, हॉल महाग, एसी महाग, प्रायोजक नसेल तर फी कोणाला परवडेल? मग हॉल घेऊच नका. ग्रामीण रुग्णालयाची ओपीडी रविवारी रिकामी असते. दहा पुतळे आणा. ज्या पेशंटचं आपल्या हातून चुकलं, त्याची केस प्रत्येकाने नाव न घेता मांडावी, बाकीच्यांनी सोलून काढावी. जेवण पिठलं-भाकरीचं चालेल. प्रायोजक घ्यायचाच असेल, तर कुठल्या कंपनीने किती दिले आणि ते कुठे गेले, याचा हिशेब दाराशी लावा, बारकोड स्कॅनरच्या शेजारी. शाली किती वाटल्या, तेही त्यात येऊ द्या.

पुढच्या वर्षीच्या कॉन्फरन्सचे फॉर्म सोबत जोडले आहेत. फी ऑनलाइन भरली आहे, पावती मिळाली. डेलिगेटच्या रकान्यात आमच्या सिस्टरांचं नाव आहे, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणी क्रमांकासह. अकॉम्पनीइंग पर्सन म्हणून मी येतो आहे. पैठणीच्या खेळात माझं नाव पहिल्या फेरीत घालावं, ही विनंती. फॉर्म नाकारायचा असल्यास कारण लेखी कळवावं, मी ते ग्रुपवर टाकीन.

आपला,
तालुक्यातला एक फिजिशियन