सुट्टी किती दिवस?

फौजीच्या बायकोला नवरा हप्त्याहप्त्याने मिळतो. वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक रजा, ३० दिवसांची कॅज्युअल, तीही पलटणीला परवडलं तर. आल्या दिवशी कोंबडी, जायच्या दिवशी डोळ्यांना पदर. मध्ये भांडायला सवड कुणाला? कुरबुरीचं जे काही असेल ते पुढच्या सुट्टीवर ढकलायचं. असा ढकलत ढकलत आमचा संसार फार सुखाचा झाला. मग हे पेन्शनला आले, आणि ढकलायला पुढची सुट्टीच उरली नाही.

हवालदाराची नोकरी २४ वर्षांची. मिसरूड फुटताना बेळगावच्या मराठा सेंटरला गेलेला माणूस चाळिशी ओलांडली की घरी. शेजारचे गुरुजी यांच्याहून थोरले, पण ते ५८ पर्यंत शाळेत जाणार. त्यात आमचा सातारा जिल्हा. इथे अपशिंग्याच्या नावातच मिलिटरी आहे, माजी सैनिकाची अपूर्वाई कुणाला? हारतुरे एका दिवसात आटोपले. दुसऱ्या दिवसापासून पारावर सुरू, "काय मेजर, सुट्टी किती दिस?" (हवालदार असो की सुभेदार, गावाला सगळे मेजरच.) "आता कायमचाच आलोय," हे सांगायचे, पण चोरी कबूल केल्यासारखं. विचारणाराही जरा गप्प व्हायचा. मग म्हणायचा, "आसं व्हय. बरं बरं."

पहिल्याच महिन्यात यांनी गेरू आणि चुना आणला. ज्यांनी छावणी पाहिलीय त्यांना पुढचं सांगायला नको. अंगणाच्या कडेने विटा तिरक्या पुरल्या, एक लाल, एक पांढरी. कडुलिंबाला कमरेपर्यंत गेरू, वर चुन्याचा पट्टा. पाण्याच्या टाकीवर धुतल्याची तारीख आणि त्याखाली पुन्हा धुवायची तारीख. गोठ्याचे खांब झाले, दावणीचा दगड झाला. म्हैस हलली म्हणून वाचली. सासूबाई ओट्यावर एका जागी बसून असतात, त्यांना मी आत बोलावून घेतलं.

हुकमाचा खटका उडणारच होता. यांना वाटलेलं, घरी आलो की कमांड आपल्याकडे. इकडे बियाणं, सोसायटीचं कर्ज, विहिरीची मोटर, पोरांच्या शाळा, सगळं इतकी वर्षं मी ओढलेलं. थोरलीने कॉलेजचा फॉर्म आणला तेव्हा सही माझी घेतली. बापाकडे फक्त पेन मागितला. यांनी पेन दिला आणि दिवसभर सायकलच्या चेनला तेल घालत बसले. मला वाईट वाटलं, पण सही काही मी खोडली नाही.

रात्रीची गोष्ट वेगळी. दोनच्या सुमारास हे उठायचे, टॉर्च घेऊन घराभोवती फेरी मारायचे. मागचं दार, गोठा, गंजीमागचा अंधार. एवढी वर्षं मी एकटी कडी लावून बिनघोर झोपायचे; घरात पुरुषमाणूस आलं आणि माझी झोप गेली. एकदा विचारलंच, "अहो, बघता तरी काय?" म्हणाले, "काही नाही गं. बदलीला कुणी येत नाही, मग झोपायचं कधी तेच कळत नाही."

मी उठले, त्यांच्या हातातला टॉर्च घेतला आणि म्हटलं, "आता माझी ड्युटी." अंगणात पाच मिनिटं उभी राहिले, डास मारले. आत आले तर साहेब घोरत होते. तेव्हापासून आठवड्यातून एकदोनदा मी पहाऱ्यावर असते.

आता हे पहाटे माळावर भरतीच्या पोरांना पळवतात. १६०० मीटर, साडेपाच मिनिटांच्या आत. घरात न चालणारा आवाज माळावर चालतो, त्यामुळे घरीही जरा नरमाई आहे. पण ही पोरं अग्निवीर होणार. चार वर्षांनी चारातला एक पुढे राहणार, तिघे परत; सेवानिधी मिळेल, पेन्शन नाही. चोवीस वर्षांनी आलेल्याला घर अजून नीट उमगलेलं नाही, पंचविशीच्या आत परतलेल्याचं काय होईल ते होवो. त्यातल्याच एकाची आई परवा दळणाला भेटली. म्हणाली, "वैनी, परत आल्यावर काय करत्यात वो ही माणसं?"

मी म्हटलं, "चुना गावात मिळतो. गेरूचं तेवढं आधी बघून ठेव."