टुण

अमरावतीहून अकोला किती लांब, असं भाऊंना विचारलं तर ते किलोमीटर सांगत नाहीत. ‘‘सत्तर मिनिटं,’’ म्हणतात. मग जरा थांबून, ‘‘मी असलो तर. बाकीच्याईले दोन घंटे धरा.’’

भाऊ म्हणजे कुणी एकच माणूस नव्हे. राजकमल चौकात ‘‘ओ भाऊ!’’ अशी हाक मारली तर चार माना वळतात, त्यातल्या तीन आमच्या भाऊंच्या. वय पन्नाशीच्या आसपास, खताची नाहीतर पाइपांची एजन्सी, वरुडकडे थोडी संत्री आणि दारात नवी पांढरी गाडी. घाई हा प्रकार त्यांच्या स्वभावातच नाही. दहाला निघायचं ठरलं की साडेदहाला दाढीचं पाणी तापतं. एकच्या जेवणाला तीनला पोचतात आणि वर ‘‘अजून पंगत नाही बसली काय?’’ असं विचारतात. पण स्टिअरिंग हाती आलं की याच माणसाला मिनिटामिनिटाचा हिशेब लागतो. वाचवलेली वीस मिनिटं जातात कुठं, हे मी एकदा नीट पाहून ठेवलं आहे. आपण किती लवकर आलो ते सांगण्यात जातात. त्याला पाऊण तास लागतो.

अशा माणसाच्या गाडीत सरकारनं टुण घातलं. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या मोटारीत काटा ऐंशीच्या वर गेला की गाडी थोड्या थोड्या वेळानं टुण करते आणि एकशेवीस ओलांडले की थांबतच नाही. अडवत नाही, नुसती बोलते. अडवलेलं भाऊंना चाललं असतं. अडवणाऱ्याशी बोलता येतं, ‘‘साहेब, गाव कोनतं तुमचं?’’ असं विचारून दूरचं का होईना नातं काढता येतं. टुणला गाव नाही.

भाऊंचं गाऱ्हाणं अगदीच बिनबुडाचं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. २०१८ मध्ये सरकारनंच मोटारींना चौपदरी रस्त्यावर शंभर आणि द्रुतगती मार्गावर एकशेवीसची मुभा दिली. म्हणजे नांदगाव खंडेश्वरकडून समृद्धी महामार्गाला लागलात आणि कायद्यात राहून एकशेदहानं निघालात, तरी गाडी आपली बोलतच राहणार. समृद्धी ७०१ किलोमीटरची. मिनिटाला एक टुण धरलं तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेचारशेच्या वर जातात. ‘‘कायदा पाळला तरी बोलते, मोडला तरी बोलते,’’ भाऊ म्हणतात, ‘‘मंग मोडलेला काय वाईट?’’ पुतण्या जर्मनीत असतो. तिकडच्या नव्या गाड्यांना आता रस्त्यावरची वेगाची पाटी वाचता येते, असं त्यानं फोनवर सांगितलं. भाऊ गंभीर झाले. ‘‘आपल्या अथी तं भावी आमदाराच्या वाढदिवसाच्या पाट्या हायेत बाप्पा. गाडी वाचत बसली तं घरी कवा पोचाचं?’’

ट्रकवाल्यांचं दुखणं याहून वेगळं. १ ऑक्टोबर २०१५ पासूनच्या नव्या ट्रक-बसला गव्हर्नर बसूनच येतो. बहुतेकांना ऐंशीचा, स्कूल बस, टँकर, डंपरला साठचा. तो टुणबिण करत नाही, सरळ डिझेल आखडून घेतो. पाय फळीला टेकवा, गाडी ढिम्म. चांदूर बाजारकडून संत्री वाहणारा एक मेटाडोरवाला मला म्हणाला, ‘‘आपल्या जुन्या गाडीले गव्हर्नर कायले पाह्यजे? चढ आला का तेच म्हन्ते, थांब.’’ काळीपिवळीवाल्याला विचारलं, तर त्यानं आत बोट दाखवलं. ‘‘लावाचा कुठी? तथीई सवारी बसली हाये.’’

गव्हर्नर या शब्दावर मात्र भाऊंचं ठाम मत आहे. ‘‘आपल्या अमरावतीनं दोन गव्हर्नर बाहेर देल्ले. प्रतिभाताई राजस्थानले, दादासाहेब गवई बिहारले न् मंग केरळले. आपला जिल्हा गव्हर्नर पाठवनारा हाये, बसवून घेनारा नाही.’’

मागच्या उन्हाळ्यात एका साखरपुड्यासाठी मी त्यांच्यासोबत अकोल्याला गेलो. निघायचं दहाला होतं, म्हणून पावणेबाराला निघालो. मागच्या सीटवर वहिनी, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. बडनेरा मागं पडलं आणि पहिलं टुण झालं. शेंग फोडता फोडता वहिनी म्हणाल्या, ‘‘ऐंशी झाले.’’ पंचवीस वर्षं त्या ‘‘हळू चालवा’’ म्हणत आल्या, ती बायकोची भुणभुण ठरली. आता तेच गाडी म्हणते. ‘‘माया बोलन्याले आता कंपनीची वॉरंटी हाये,’’ त्या मला म्हणाल्या.

लोणी आलं आणि भाऊ खुलले. हा पट्टा जागतिक विक्रमाचा. जून २०२२ मध्ये इथं पंचाहत्तर किलोमीटर एकपदरी डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि कतारचा विक्रम मोडून गिनीज बुकात गेलं. ‘‘ज्या रोडनं स्वतः रेकॉर्ड केलं, त्याच्यावर आपन ऐंशीनं जाचं? रोडाचा अपमान हाये हा!’’ मी मनात भागाकार केला. पंचाहत्तर भागिले साडेएकशेपाच, म्हणजे ताशी पाऊण किलोमीटरही नाही. इतक्या हळू जाऊन विक्रम केलेला रस्ता भाऊंच्या चाकाखाली होता. मी बोललो नाही, कारण पुढं दोन ट्रक शेजारी शेजारी चालले होते. एकाचा गव्हर्नर ऐंशीचा, दुसऱ्याचा अठ्ठ्याहत्तरचा असावा. ऐंशीवाला अठ्ठ्याहत्तरवाल्याला साइड मारत होता आणि ती साइड दीड किलोमीटर चालली. भाऊ मागं हॉर्न वाजवत. ‘‘पाह्य! याईचे गव्हर्नर काढा म्हना आंधी!’’ मूर्तिजापूर आलं तेव्हा वहिनींनी शेंगांची टरफलं कागदात गुंडाळत ‘शकुंतला’ रेल्वेची आठवण काढली. त्यांचं माहेर अचलपूरचं. ती गाडी चार तास घ्यायची म्हणे, पण पोचवायची.

अकोल्यात साखरपुडा व्हायचाच होता, म्हणजे आम्ही वेळेवर होतो. तेवढ्यात भाऊ गाडी घेऊन कुठंतरी गेले आणि तासाभरानं हसत परतले. एक मिस्त्री गाठला होता. तो आधी म्हणाला, ‘‘भाऊ, हे काही तार नाही कापाले. एक बोलनं बंद केलं तं सारंच बंद होईन.’’ भाऊ म्हणाले, होऊ दे. त्याप्रमाणे झालं. पट्टा न लावल्याची बोंब बंद, दार उघडं राहिल्याचा इशारा बंद, रिव्हर्सची पिपाणीही बंद. गाडी शोकसभेला आल्यासारखी गप्प.

मला एक जुनी गोष्ट आठवली. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स पेटली आणि पंचवीस माणसं गेली. त्यानंतर आठ दिवस भाऊंची गाडी एकदाही टुण न करता चालली होती. कुणी सांगितलं नव्हतं. नवव्या दिवशी एका लग्नाला उशीर झाला.

परतताना बोरगाव मंजू मागं पडलं. रस्ता मोकळा, ऊन उतरलेलं, भाऊ शीळ घालत. काटा सत्तरच्या पुढं सरकला.

‘‘टुण.’’

भाऊंनी डॅशबोर्डवर चापट मारली. मिस्त्रीला एक शिवी दिली.

‘‘टुण,’’ मागून पुन्हा आलं, सोबत शेंग फुटल्याचा आवाज.

‘‘अवो, बाहात्तरच हाये अजून!’’

‘‘मायं मीटर जुनं हाये,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘ते सत्तरलेच वाजते.’’

काटेपूर्णेच्या पुलापर्यंत भाऊंनी वाद घातला. या मशीनला वायर नव्हती, फ्यूज नव्हता आणि मिस्त्री तर अकोल्यातच राहिला होता. कुरूम येईस्तोवर शेंगा संपल्या, वहिनींचं डोकं खिडकीला टेकलं, डोळा लागला. भाऊंनी माझ्याकडं पाहून एक भुवई उडवली आणि पाय दाबला. पंचाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशी.

मग त्यांनी हळूच आरशात मागं पाहिलं आणि पाय उचलला.