पुळणनिर्णय : स्वराजद्वीप प्रकरण

कमलाकरभट्टांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधु’ लिहून कोणते व्रत कोणत्या तिथीला धरावे, तिथीचा क्षय झाला तर काय करावे, एकच तिथी दोन दिवस आली तर आजची घ्यावी की उद्याची, या सगळ्याची सोय लावून ठेवली. अंदमानच्या सहलीत कोणत्या पुळणीवर कोणत्या वेळी जावे, याबद्दल मात्र त्या थोर ग्रंथात अवाक्षर नाही. दर दिवाळीत आणि मे महिन्यात त्यामुळे असंख्य मराठी कुटुंबे हॉटेलच्या जिन्याखाली उभी राहून भांडतात. हा लेखनप्रपंच त्यांच्यासाठी.

प्रथम अधिकाराचा विचार. पुळणसेवनाचा अधिकार कोणाला? ज्याने सेल्युलर जेल पाहिले त्याला. सावरकरांच्या कोठडीपाशी डोळे पुसल्याखेरीज पाण्यात पाय घालायचा नाही, हा आपल्याकडचा शिष्टाचार आहे आणि तो योग्यच आहे. जाता जाता एक नोंद. सत्तावन्नच्या उठावावर ज्यांचा ग्रंथ १९०९ साली छापला गेला, त्यांना १९११ मध्ये ज्या द्वीपसमूहात आणून कोंडले, तिथल्या दोन बेटांना तो उठाव चिरडणाऱ्या हॅवलॉक आणि नील या सेनाधिकाऱ्यांचीच नावे होती. २०१८ मध्ये ती बदलून स्वराजद्वीप आणि शहीदद्वीप झाली. बोटीच्या रांगेत मात्र अजून ‘हॅवलॉकची बोट कुठली हो?’ असेच विचारले जाते, आणि उत्तरही मिळते.

आता वर्गीकरण. शहीदद्वीपावर भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर आणि रामनगर आहेत, म्हणजे बेट रामायणाचे. स्वराजद्वीपावर गोविंदनगर, विजयनगर, राधानगर, कृष्णनगर, श्यामनगर. हे बेट उघडच भागवताचे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांनी ही गावे वसवली. राम आणि कृष्ण यांच्यात त्यांनी समुद्राची वाटणी इतकी चोख केली आहे, की आमच्या सोसायटीच्या पार्किंगचे काम त्यांच्याकडेच द्यावे असे वाटते.

स्वराजद्वीपावरचे रिक्षावाले मात्र नावे घेत नाहीत, आकडे सांगतात. ‘पाच नंबर जायचंय की सात?’ येथे अभ्यासकाने सावध व्हावे. पर्यटकांच्या तोंडी असलेले बीच क्रमांक पाहा : दोन, तीन, पाच, सात. सगळ्या मूळ संख्या! चार आणि सहा यांचे नाव सहसा निघत नाही. त्यांना भाग जातो. एक नंबरला बोटीचा धक्का आहे, तिथे कोणी पोहत नाही. आणि गणितानेही एक या संख्येला मूळ संख्यांच्या पंक्तीला बसवलेले नाही. हा योगायोग आहे असे म्हणणाऱ्यांनी अकरा नंबरचा बीच शोधून दाखवावा. (तो नाही. पण संशोधनाची दिशा बरोबर आहे.)

पूर्वपक्ष असा : सात नंबर, म्हणजे राधानगर, हाच सर्वश्रेष्ठ, तिथेच जावे, संध्याकाळी जावे, सर्वांनी जावे. प्रमाण काय? ‘टाइम’ साप्ताहिकाने २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवले. शिवाय २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ हे प्रमाणपत्र मिळालेल्या भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांत त्याचा समावेश आहे. शब्दप्रमाण इतके भक्कम असल्यावर प्रत्यक्ष प्रमाणाची गरज उरत नाही. म्हणूनच तिथे पोचलेली मंडळी समुद्राकडे पाठ करून फोटो काढतात.

राधानगर सुंदर आहे, हे आम्हांला मान्य आहे. मागे उंच झाडांची गर्द भिंत, पुढे पिठासारखी पांढरी वाळू, पायाला टोचणारा खडक नाही. आमचा आक्षेप सौंदर्यावर नाही, दिशेवर आहे. राधानगर पश्चिमेला आहे.

महाराष्ट्राचा किनारा जुन्या मोजणीप्रमाणे ७२० किलोमीटर. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत तो सगळा, एखाददुसरी खाडी आणि वळण सोडले तर, मावळतीकडे तोंड करून बसला आहे. आपण जन्मभर काय पाहिले? दादरला सूर्य बुडाला, अलिबागला बुडाला, गुहागरला बुडाला, गणपतीपुळ्याला दर्शन उरकेपर्यंत बुडून गेला. पाण्यातून वर येणारा सूर्य आपल्या किनाऱ्यावर मिळतच नाही. तरीही विमानाचे तिकीट काढून, बंगालचा उपसागर ओलांडून, बोट लागल्यामुळे लिंबू चोखत आपण जातो आणि पुन्हा बुडणाराच सूर्य पाहतो. ‘अगदी आपल्या दिवेआगरसारखंच आहे हो!’ असे वर कौतुकाने म्हणतो.

म्हणून सिद्धांत असा, की मराठी माणसाने पूर्वेची पुळण धरावी : काळापत्थर, विजयनगर किंवा शहीदद्वीपावरचे सीतापूर. मावळतीचे सात नंबर आणि लक्ष्मणपूर ही ओरिसा-आंध्रच्या बांधवांसाठी राखून ठेवावीत. त्यांना घरी उलट अडचण आहे.

या सिद्धांताला आडवे येते ते घड्याळ. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. अंदमान ९३ अंशांच्या आसपास, मुंबई ७३ च्या. दर अंशाला चार मिनिटे, म्हणजे मुंबईच्या मानाने तिथला सूर्य सुमारे ऐंशी मिनिटे पुढे धावतो. उन्हाळ्यात तो पाचच्या सुमारास उगवतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. दुपारचा चहा घेऊन, ‘सहा वाजता निघू, ऊन उतरल्यावर,’ असे ठरवणाऱ्या कुटुंबाला सात नंबरवर सूर्य मिळत नाही, फक्त अंधारात नारळवाला मिळतो. सूर्योदयवाल्यांची अवस्था याहून बिकट. हॉटेलचा नाश्ता साडेसातला सुरू होतो आणि पैसे त्याचे भरलेले असतात. सूर्य फुकट आहे. फुकटच्या गोष्टीसाठी पैसे दिलेल्या झोपेचा आणि नाश्त्याचा त्याग करावा काय, या प्रश्नावर सर्व पंथांचे एकमत आहे.

भरती-ओहोटीचे प्रकरण तर बहुतेक सहल-पत्रकांतून गायबच असते. कोकणातली जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात : अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. हे सूत्र घेऊन काका अंदमानात जातात आणि तोंडघशी पडतात, कारण चंद्र डोक्यावर आल्यानंतर भरती यायला किती उशीर लागतो हे प्रत्येक बंदराचे वेगळे असते. उधाण आणि भांग मात्र तिथेही पंचांगाप्रमाणेच. पुनव-अवसेच्या आसपास पूर्वेकडच्या पाच नंबरवर ओहोटीला पाणी इतके मागे जाते, की पोहायला आलेला माणूस खडकांतून चालत राहतो आणि शेवटी गुडघाभर पाण्यात बसून परत येतो. बीच बेकार आहे असे तो घरी सांगतो. बीच तोच असतो. सहा तासांनी पाहावा. लक्ष्मणपूरच्या नैसर्गिक खडकपुलाचे नेमके उलटे, तो पाहायला ओहोटीच हवी. म्हणून हॉटेलवाल्याला वाय-फायचा पासवर्ड विचारण्याआधी भरतीची वेळ विचारावी, असे आमचे कळकळीचे मत आहे.

निषेधवाक्ये थोडीच. मगरीचा फलक असेल तिथे शंका काढू नये. आणि प्रवाळाचा तुकडा पिशवीत घालू नये. तो कायद्याने बंद आहे आणि विमानतळावर पिशव्या तपासतात. ‘देव्हाऱ्यात ठेवायला घेतलाय’ हा आत्याबाईंचा युक्तिवाद तिथे चालत नाही.

राहिला प्रश्न उठण्याचा. धर्मशास्त्राने अशक्तांसाठी प्रतिनिधीची सोय ठेवली आहे. घरातल्या एकाने केलेल्या व्रताचे फळ दुसऱ्याला मिळू शकते. त्याच न्यायाने एकाने पहाटे साडेचारला रिक्षा ठरवून काळापत्थरला जावे, सूर्योदयाचा व्हिडिओ काढावा आणि तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकावा. नाश्त्याच्या टेबलावर तो पाहिला असता सर्वांना पूर्ण फळ मिळते. प्रतिनिधी निरोगी, चहाशिवाय चालणारा आणि फोन चार्ज केलेला असावा. मोठ्या जावयाला या कामी नेमता येत नाही, कारण त्याला उठवणार कोण? धाकट्या जावयाबाबत दोन मते आहेत. लग्नाला वर्ष झाले असल्यास चालेल.