थोडं थोडं सगळ्यांतच

कोकणातल्या आमच्या मांडवी किनाऱ्याची वाळू काळी. पाहुण्यांना ती आधी मळकी वाटते. मग कुणीतरी सांगतं की हे इल्मेनाइट, लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज. भिंतीचा पांढराशुभ्र रंग याच टायटॅनियमपासून करतात. पाहुणा चकित होतो आणि लगेच दोन पावलं मागे सरतो, "म्हणजे रेडिएशन असेल हो इथे!"

त्याचंही चुकत नाही. केरळात चवऱ्याच्या काळ्या वाळूत मोनाझाइट असतं, मोनाझाइटमध्ये थोरियम, म्हणून तिथला किरणोत्सार चढा. आमची वाळू मात्र सह्याद्रीच्या बेसॉल्टची लेक. माहेरीच थोरियम बेताचं, ती आंदणात आणणार किती?

पण किरणोत्सारातून सुटका कुणाचीच नाही. जगात माणसाच्या वाट्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट नैसर्गिक किरणोत्सार येतो. त्यातला निम्मा एकट्या रेडॉनचा. हा वायू जमिनीतून येतो आणि दारं-खिडक्या लावून बसलेल्यांच्या घरात साठतो. बाकीचा आभाळातून, दगडमातीतून आणि ताटातून. केळ्यात आणि शहाळ्यात पोटॅशियम, त्याचा एक कणभर हिस्सा किरणोत्सारी. तिसऱ्यांत पोलोनियम. म्हणून कुणी तिसऱ्यांचं सुकं सोडल्याचं ऐकिवात नाही.

माणसाने केलेला किरणोत्सारही जुनाच. शिमग्यात ज्या गॅसबत्तीच्या उजेडात रात्र-रात्र खेळे पाहिले, तिच्या मेंटलमध्ये थोरियम असायचं. त्यात आज सर्वांत मोठा वाटा दवाखान्याचा. पोटाचं एक सीटी स्कॅन म्हणजे निसर्गाची दोन-तीन वर्षांची उचल. तरी 'एकदा काढूनच टाकू' हे आपणच डॉक्टरांना सुचवतो.

संध्याकाळी जेटीवर मात्र विषय जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाचा. तिथे अजून अणुभट्टी नाही, पण वाद भरपूर. अपघाताची भीती खोटी नाही, मासेमारीची काळजीही खरी. त्यांचा हिशेब वेगळा मांडायला हवा. अडचण होते ती कुणी "मला रेडिएशन थेंबभरसुद्धा नको" म्हणाला की. रेडिएशन आहे की नाही हे विचारण्यात अर्थ नाही. किती आहे, ते विचारावं.

'थेंबभरसुद्धा नको' म्हणणाऱ्या एका अण्णांना मी सांगितलं, "तुमच्या अंगात आत्ता दर सेकंदाला सुमारे ४००० पोटॅशियमचे अणू फुटतायत."

अण्णांनी हातातली भेळ खाली ठेवली. "काहीतरीच काय? आमच्या घराण्यात कुणाला नाही!"