तिकीट कोण काढणार?

मे २००२ मध्ये लंडनच्या समीक्षकांनी ‘वी विल रॉक यू’ या नाटकाची सालटी काढली. क्वीन या बँडची गाजलेली गाणी आणि ती अडकवायला बेन एल्टनने रचलेली भविष्यकाळातली एक गोष्ट, एवढाच त्याचा ऐवज. गोष्ट पोकळ आहे, असं समीक्षकांचं म्हणणं होतं आणि ते बरोबर होतं. तरीही डोमिनियन थिएटरात हे नाटक २०१४ पर्यंत, तब्बल बारा वर्षं चाललं. दरम्यान २००४ मध्ये ते लास वेगासला आणि जर्मनीतल्या कोलोनलाही गेलं. वेगासहून २००५ मध्येच गाशा गुंडाळावा लागला. कोलोनचा मुक्काम मात्र २००८ पर्यंत लांबला.

गाणी तीच आणि पोकळ गोष्टही तीच. बदलला तो मुख्यतः समोर बसलेला माणूस. वेगासचा पाहुणा दोन रात्रींसाठी येतो आणि त्या दोन रात्रींवर शंभर जाहिराती टपून असतात. कोलोनच्या आसपास दाट वस्तीची शहरं आहेत. तिथला प्रेक्षक घरातून निघून नाटक बघतो आणि रात्री घरी परततो. जवळच्याच बोखुम शहरात ‘स्टारलाइट एक्सप्रेस’ १९८८ पासून चालू आहे, म्हणजे वर्षानुवर्षं एकच संगीतिका बघायला जायची सवय त्या भागाला होतीच. कोलोनमध्ये संवाद जर्मन केले आणि गाणी बहुतेक मूळ इंग्रजीतच ठेवली. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. गोष्ट परकी असेल तर ती समजावून सांगावी लागते. गाणं मात्र प्रेक्षक घरूनच घेऊन आलेला असतो, त्याला हात लावायचा नसतो.

गाजलेल्या गाण्यांभोवती नाटक बेतण्याला तिकडे ज्यूकबॉक्स म्युझिकल म्हणतात, आणि आपल्याकडचे जाणकार हा शब्द नाक मुरडून उच्चारतात. त्यांनी किर्लोस्करांची आठवण ठेवावी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभं राहिलं, तेव्हा अण्णासाहेबांनी पदं नवी रचली, पण चाली लोकांच्या कानातल्या घेतल्या. लावणी, साकी, दिंडी, कीर्तनातल्या आणि कानडी चाली. जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापलेली असायची, ती याचसाठी. ओळखीच्या सुराचा हात धरून प्रेक्षकाला नव्या शब्दांकडे न्यायचं, ही मराठी रंगभूमीने स्वतः कमावलेली युक्ती आहे. तिला हलकं म्हणणाऱ्याशी मी भांडेन. वाईट असते ती आळशी गोष्ट.

आता आपलं प्रकरण घेऊ. ‘बॉम्बे ड्रीम्स’. अँड्र्यू लॉइड वेबर निर्माते, ए. आर. रहमान यांचं संगीत. जून २००२ मध्ये लंडनच्या अपोलो व्हिक्टोरियात ते लागलं. ‘छैया छैया’ आणि ‘शकालाका बेबी’ ही चित्रपटांतली गाणी त्यात होती, म्हणजे निम्मं ज्यूकबॉक्सच. समीक्षा संमिश्र आली, बोट बहुतेकांनी गोष्टीवरच ठेवलं. नाटक दोन वर्षं चाललं. ते चालू असतानाच न्यूयॉर्कला न्यायचं ठरलं आणि निर्मात्यांनी दुरुस्ती हाती घेतली. ‘अ‍ॅनी’ आणि ‘द प्रोड्यूसर्स’ लिहिणाऱ्या टॉमस मीहान यांच्याकडून संहितेची डागडुजी करून घेतली. सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर ओतले. २९ एप्रिल २००४ ला पडदा वर गेला आणि १ जानेवारी २००५ ला, २८४ प्रयोगांनंतर, कायमचा खाली आला.

समीक्षकांनी दाखवलेली चूक निर्मात्यांनी दुरुस्त करायला घेतली, पण लंडनला नाटक तगलं कशावर, हे विचारलंच नाही. लंडनमध्ये साउथॉल, वेम्बली, हॅरो ही उपनगरं आहेत. हिंदी सिनेमाची गाणी लग्नांत वाजवत मोठी झालेली मुलं तिथे राहतात, आणि त्यांच्या बरोबरीने कुतूहल असलेला गोरा शेजारी. ब्रॉडवेला आठवड्याचे आठ प्रयोग भरावे लागतात, आणि त्यातल्या बऱ्याच खुर्च्या पर्यटक भरतात. न्यू जर्सीतली देशी कुटुंबं एकेकदा येऊन गेली तरी तेवढ्यावर ते थिएटर किती दिवस भरणार?

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हाच हिशेब उलट्या बाजूने चुकला होता. मुंबईच्या खुरशेदजी बालीवालांची व्हिक्टोरिया नाटक मंडळी ब्रह्मदेशात रंगून-मंडालेपर्यंत जाऊन नाव आणि पैसा कमावून आली. त्याच बालीवालांनी १८८० च्या दशकात मंडळी लंडनला नेली आणि मोठा तोटा सोसला. रंगूनच्या बाजारपेठेत हिंदुस्थानी माणूस होता, त्या वेळच्या लंडनमध्ये तो नावापुरता होता. २००२ पर्यंत लंडनच बदललं होतं.

म्हणून ‘मुघल-ए-आझम’वाल्यांचं मला कौतुक वाटतं. फिरोज अब्बास खान यांचं हे नाटक २०१६ मध्ये मुंबईच्या एनसीपीएत उभं राहिलं आणि त्याचं स्वागत झालं, म्हणजे टीकेचं ओझं त्याच्या पाठीवर नव्हतंच. २०२३ मध्ये ते उत्तर अमेरिकेत गेलं, तेव्हा एका थिएटरात ठाण मांडून बसलं नाही. तेरा शहरं घेतली. नौशादची गाणी ओळखणारा माणूस विखुरलेला आहे, तर नाटकानेच त्याच्या गावी जायचं आणि थोडक्या प्रयोगांत पुढचा रस्ता धरायचा. याउलट ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’वरची संगीतिका सॅन दिएगोला २०२२ मध्ये आणि मँचेस्टरला २०२५ मध्ये आली, ती सिनेमाची गाणी बाजूला ठेवून, नवी इंग्रजी गाणी घेऊन. मराठा मंदिरात तो सिनेमा १९९५ पासून लागला आहे तो त्या गाण्यांसकट. तीच काढून घेतल्यावर लोकांनी कशासाठी यायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

तेव्हा घरी झोडपलेली संगीतिका परदेशात चालू शकते का? चालते. गाणी तिच्याआधी तिथे पोचलेली असली पाहिजेत, आणि ती गाणी ओळखणारी माणसं जितकी, तितकेच प्रयोग लावले पाहिजेत. आपल्या भिवंडीतल्या कोणत्याही लूममालकाला हे सांगावं लागणार नाही. मागावरून उतरलेला कोरा (ग्रे) ताका रंगाईला राजस्थानात पाली-बालोतऱ्याला गेला म्हणून विणीतला दोष जात नाही, उलट रंग चढल्यावर तो जास्त दिसतो. पण गिऱ्हाईक नेमकं हेरलं असेल तर तो मालही उठतो.

इथे मला आपल्या निर्मात्यांशी बोलायचं आहे. अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या अधिवेशनांत गाण्यांचे कार्यक्रम होतात, सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतं. त्या टाळ्या खऱ्या आहेत. दूरदेशी आईच्या आवाजातलं गाणं अचानक समोर आलं की माणूस उभा राहणारच. पण परत आल्यावर ‘परदेश दौरा गाजवून’ असं जाहिरातीत छापून विस्कळीत संहिता तशीच महाराष्ट्रभर फिरवणं, हा त्या टाळ्यांचाही अपमान आहे. टाळी गाण्याला पडली होती. संहितेवर काम बाकी आहे, ते करा.

आणि दौरा काढायला अटलांटिक ओलांडायची गरजही नाही. भिवंडीतल्याच पद्मानगरात तेलुगू गाणी घरोघरी आहेत. लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्या पोराच्या मोबाइलमध्ये भोजपुरी आहे. खाडीकाठच्या गावांत हळदीच्या रात्री बँजोवर आगरी-कोळी गाणी पहाटेपर्यंत चालतात. मोहल्ल्यांत कव्वाली आहे. गाव सोडून आलेल्या माणसांचं हे शहर त्या गाण्यांपुरतं परमुलूखच आहे. या गाण्यांना धरून एक चांगली गोष्ट लिहिणारा लेखक आणि ती उभी करणारा निर्माता भिवंडीकडे अजून वळलेला नाही. जो वळेल त्याने प्रयोग लूमच्या सुट्टीच्या दिवशी लावावा, तिकीट कामगाराच्या रोजात बसेल असं ठेवावं आणि संवाद लिहिण्याआधी काही रात्री कारखान्यांच्या गल्लीत काढाव्यात. पहिल्या प्रयोगाला मुंबईचे समीक्षकही बोलवावेत. ते गोष्टीबद्दल जे बोलतील ते ऐकून घ्यावं.